निर्लेखनाचा महिना

वऱ्हाडातील सार्वजनिक ग्रंथालयाचे वर्ष मार्चअखेर संपते आणि त्याच्या पाठोपाठ येणारा वैशाख हा ग्रंथपालास आपल्या ग्रंथांकडे निवांतपणे पाहण्याची मुभा देणारा एकमेव महिना असतो. परिरक्षण अनुदानाची प्रपत्रे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या दफ्तरी रवाना झालेली असतात, जमाखर्चाची रुजवात होऊन चुकलेली असते, शाळांना सुटी लागलेली असते, आणि तूर-हरभरा घरात येऊन मृग लागण्यास अद्याप अवकाश असल्यामुळे शेतकरी वाचकांच्या हातांनाही थोडी सवड मिळालेली असते. वाशीम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यात ज्या लहानशा ग्रंथालयात मी अनेक वर्षे ग्रंथपालाचे काम करीत आलो आहे, तेथे गेल्या वैशाखात कार्यकारी मंडळाने एक ठराव करून कादंबरी विभाग व बालविभाग यांतील सर्व ग्रंथांची मोजदाद करावी आणि जीर्ण, अपूर्ण अथवा निरुपयोगी ठरलेल्या ग्रंथांची फेरिस्त निर्लेखनासाठी सादर करावी, असे काम माझ्याकडे सोपविले. कपाटे भरून गेली होती, नव्या खरेदीस जागा उरली नव्हती, आणि वाळवीने एका कोपऱ्यात शिरकाव केला होता. तेव्हा ठरावात वावगे असे काहीच नव्हते.

तथापि जे पुस्तक आपण ग्रंथालयातून कायमचे काढून टाकणार, ते आपण वाचलेले असले पाहिजे, असा माझा आग्रह होता व आहे. निर्लेखनाच्या फेरिस्तीत पुस्तकाच्या नावापुढे ‘जीर्ण’ असा शेरा लिहिण्यास अर्धे मिनिट पुरते; परंतु ते जीर्ण का झाले, किती हातांतून गेले, कोणत्या पानापाशी वाचक थांबले आणि कोणत्या पानाशी पुन:पुन्हा परत आले, हे कळण्यास ते उघडून त्याच्यासह काही काळ बसावे लागते. म्हणून त्या संपूर्ण महिन्यात, सकाळची देवघेव आटोपल्यानंतर दुपारच्या निर्मनुष्य वेळी आणि रात्री घरी, मी कादंबऱ्या आणि चित्रकथा यांखेरीज दुसरे काहीही वाचले नाही.

कपाटाजवळ उभे राहून पाहिले असता एक गोष्ट प्रथमच लक्षात येते: ज्या पुस्तकांना कोणी हात लावीत नाही, ती दहा-वीस वर्षांनंतरही नवी कोरी दिसतात, आणि ज्यांच्यावर वाचकांनी जीव लावला, त्यांची अवस्था सर्वांत शोचनीय असते. निव्वळ बाह्य स्थितीवरून निर्लेखन करावयाचे म्हटले, तर लोकांनी जे सर्वाधिक वाचले तेच प्रथम बाहेर जाईल आणि जे कोणीच वाचले नाही ते सन्मानाने कपाटात राहील, असा उलटा न्याय घडतो. शिवाय पानांचा मळकेपणासुद्धा वाचता येतो. काही कादंबऱ्यांची आरंभीची पाने बोटांच्या डागांनी काळवंडलेली आणि पुढील सारी पाने पांढरीशुभ्र असतात. तेथे लेखकाने वाचकास गमावलेले असते. काहींचा मळ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सारखा पसरलेला असतो. ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’ आणि ‘ययाति’ यांच्या प्रती अशा एकसारख्या झिजलेल्या होत्या. त्यांच्याविषयी निर्णय करण्यासारखे काही नव्हते, फक्त नव्या प्रतींची मागणी लिहून ठेवावयाची होती, आणि ती मी विनाविलंब लिहिली.

उद्धव शेळके यांची ‘धग’ मात्र माझ्या टेबलावरून दीर्घकाळ हलली नाही. १९६० मध्ये प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मी तरुणपणी वाचली होती, पण त्या वेळी अभ्यासक्रमाच्या निमित्ताने वाचली होती, आणि परीक्षेसाठी केलेल्या वाचनात माणूस कादंबरीतील दु:खाचे मुद्दे काढीत बसतो. या वैशाखात, बाहेर रस्त्यावरचे डांबर मऊ पडले असता, मी ती सलग वाचली आणि शिंप्याच्या घरातील त्या कौतिक नावाच्या स्त्रीने आपल्या संसाराचा गाडा ज्या हट्टाने ओढला, त्या हट्टाचे स्वरूप मला प्रथमच नीट कळले. शेळके यांनी कौतिकच्या वाट्यास एकही अलौकिक प्रसंग दिलेला नाही; मुलांचे शिक्षण, दोन वेळचे अन्न, नवऱ्याच्या हाताला काम, आप्तांचे टोमणे, इतक्याच जिनसांवर ती सारी कथा उभी आहे, आणि प्रत्येक प्रकरणात परिस्थिती किंचित सुधारेल अशी आशा उत्पन्न करून ती हळूच काढून घेण्याचे काम लेखक इतक्या संयमाने करतो की वाचकास कोठेही लेखकाचा हात दिसत नाही. संवाद वऱ्हाडी बोलीत आहेत. आमच्याकडील वाचकास या बोलीचे अप्रूप वाटत नाही. त्याला वाटतो तो विश्वास. एका मध्यमवयीन वाचक भगिनींनी ही प्रत परत करताना मला सांगितले होते, “सर, ही कौतिक म्या पायली हाय; आमच्याच गल्लीत राहे.” कादंबरीवर याहून नेमका अभिप्राय मी कोणत्याही समीक्षाग्रंथात वाचलेला नाही. प्रत अत्यंत जीर्ण होती, मधला एक फर्मा सुटून आला होता, तरी तिच्यापुढे मी ‘निर्लेखन’ असे न लिहिता ‘बांधणी’ असे लिहिले.

आमच्या भागाची बोली कादंबरीत येण्याचा हा एकच मार्ग नव्हता. परतवाड्यास जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांनी ‘पूर्णामायची लेकरं’ लिहून या मुलखाच्या भाषेला आधीच कादंबरीच्या चौकात आणून उभे केले होते, आणि अमरावतीच्या मनोहर तल्हार यांनी ‘माणूस’ या कादंबरीत सायकलरिक्षा ओढणाऱ्या एका माणसाच्या आयुष्यास नायकपद दिले होते. पहिल्या पुस्तकाच्या भाषेत एक प्रकारचा गोडवा अधिक आहे व दुसऱ्याच्या भाषेत खरखरीतपणा अधिक आहे. मला दुसरा अधिक जवळचा वाटतो, परंतु आमच्या ज्येष्ठ वाचकांचा कौल दांडेकरांच्या बाजूने आहे, आणि परतीच्या तारखांची चिठ्ठी तसेच सांगते.

आमच्या तालुक्याला या बाबतीत एक विशेष मान आहे. अंतरिक्ष पार्श्वनाथामुळे ज्याचे नाव सर्वत्र ठाऊक आहे ते शिरपूर याच तालुक्यातील, आणि त्याच शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीस १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुढे २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री किताबाने गौरविण्यात आले. मांग समाजातील एका कष्टकरी आईची ही कहाणी आमच्या ग्रंथालयात ज्या रीतीने वाचली जाते, ती रीत मी अन्य कोणत्याही कादंबरीच्या वाट्यास आलेली पाहिली नाही. वाचक तिच्यात गावे शोधतात, वाटा शोधतात, हे शेत कोणाचे असेल आणि तो वाडा कोणाचा असेल याचा वाद घालतात. आणि ज्यांच्या आईबापांनी ते दिवस प्रत्यक्ष काढले, ते वाचक वाद न घालता पुस्तक मुदतीपेक्षा अधिक दिवस घरी ठेवतात. अशा वाचकांकडून विलंबशुल्क घेण्यास माझा हात धजावत नाही, हे मी मंडळास पूर्वीच कळविलेले आहे. पुस्तकाची मूळ प्रत गहाळ आहे. हल्ली असलेली प्रत तिच्या जागी घेतलेली असून तिचीही पाठ सुटली आहे. गावाच्या नावाजवळचे पुस्तक गावातच गहाळ व्हावे, हे मला कसूर वाटत नाही. ते कोणाच्या तरी घरी देव्हाऱ्याजवळच्या फळीवर सुखरूप असेल, अशीच माझी धारणा आहे.

बुलढाणा जिल्ह्यातील सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’विषयी मात्र मला एक वेगळी घटना नमूद केली पाहिजे. आमच्या वाचनकक्षात स्पर्धा परीक्षांची तयारी करणारे तरुण सकाळपासून येऊन बसतात; त्यांना वर्तमानपत्रे, मासिके व प्रश्नसंच हवे असतात, आणि कादंबरीच्या कपाटाकडे ते पाहतसुद्धा नाहीत. त्यांच्यापैकी एकाने, शिकून-सवरून नोकरी न लाभलेल्या एकनाथ नामक शेतकरीपुत्राची ही कथा आहे एवढे माझ्या तोंडून ऐकून, ती घरी नेली. परत आणली तेव्हा तो काही बोलला नाही. याच लेखकाचे आणखी काय आहे, एवढेच त्याने विचारले आणि निबंधाच्या वहीत नाव टिपून घेतले. त्या तरुणाचे वडील सोयाबीन पेरतात, गेल्या हंगामात पिकाचे काय झाले हे गावास ठाऊक आहे, आणि तरीही आपल्या घराची कैफियत कोणीतरी इतक्या विस्ताराने लिहून ठेवली आहे याची त्याला तोपर्यंत कल्पना नव्हती. ग्रंथपालाच्या नोकरीत वेतन तुटपुंजे असते, परंतु योग्य पुस्तक योग्य हाती पडल्याचे असे प्रसंग तिच्यात लाभतात, आणि रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे प्रसिद्ध केली, त्यांतील ‘प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक’ हे सूत्र मला अशा वेळी धर्मवचनासारखे वाटते.

कादंबरी विभागाच्या तळच्या फळीवर बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या. मुखपृष्ठे गेलेली, कडा कुरतडलेल्या, काही पुस्तकांचे शेवटचे पानही नाहीसे झालेले. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या लेखकाचे झुंजार आणि काळा पहाड हे वीर आमच्या एका निवृत्त तलाठी वाचकांच्या बोलण्यात अद्याप नात्यागोत्यातील माणसांप्रमाणे येतात. फेरिस्तीत प्रथम क्रमांक या पुस्तकांचा लागावा असे मंडळातील बहुतेकांचे मत होते. मी त्यांतील बरीच पुस्तके वाचली, आणि माझे मत असे झाले की मराठी माणसास एका बैठकीत पुस्तक संपविण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांचा हा ऋणनिर्देश ग्रंथालयातून पुसून टाकता कामा नये. १८५७ मध्ये बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले तेव्हापासून मराठी कादंबरीला वडीलधाऱ्यांचा रोष सहन करावा लागला आहे; आधी एकंदर कादंबरीवाचनावर बिघडवण्याचा आरोप झाला, कादंबरीस प्रतिष्ठा मिळाल्यावर तो रहस्यकथेवर आला, आणि रहस्यकथा जुनी होऊन आदरणीय झाल्यावर तोच आरोप चित्रकथांच्या दारी येऊन उभा राहिला. चित्रकथांच्या पेटीचे झाकण मी उघडले ते हा विचार मनात घोळत असतानाच.

ती पत्र्याची पेटी होती. तिच्यात ‘चांदोबा’चे अंक होते, १९७१ पासून बालभारती प्रसिद्ध करीत असलेल्या ‘किशोर’चे अंक होते, मराठी इंद्रजाल कॉमिक्स होती, अमर चित्रकथेच्या पुस्तिका होत्या, आणि वऱ्हाडात हिंदी सर्वांनाच येत असल्यामुळे नागराज व सुपर कमांडो ध्रुव यांची हिंदी कॉमिक्सही बरीच होती. यांपैकी एकाचीही दाखल नोंदवहीत नोंद नव्हती. खरेदी नियतकालिकांच्या खर्चात पडलेली असल्यामुळे नियतकालिकांप्रमाणेच यांचे आयुष्य थोड्या महिन्यांचे धरावे आणि नंतर रद्दीत घालावे, असा पूर्वापार शिरस्ता होता. ज्याला दाखल क्रमांक नाही त्याचे निर्लेखन करण्याचाही प्रश्न येत नाही. ते दफ्तराच्या दृष्टीने कधी अस्तित्वातच नव्हते. तरीही बालविभागात वैशाखाच्या दुपारी जी मुले येत, ती कपाटाकडे न जाता थेट या पेटीकडे जात. रद्दीसाठी वेगळा काढलेला एक गठ्ठा पाहून त्यांच्यातल्या एकाने मला विचारले, “हे काहून फेकता, काका? याच्यातली गोष्ट तं अजून पुरी हाय!” पाने फाटली तरी गोष्ट पुरी आहे, एवढा एकच निकष त्याने लावला होता, आणि निर्लेखनाचा याहून शुद्ध निकष मला सुचला नाही.

त्या मुलांत जवळच्या तांड्यावरून येणारा एक बंजारा मुलगा होता. तो ‘चांदोबा’चा अंक घरी नेई आणि आजीस वाचून दाखवी, परंतु आजीस मराठी फारसे कळत नसल्यामुळे तो चित्रावर बोट ठेवून सारे गोरबोलीत सांगे. आजी अंक आपल्या हाती धरी, चित्र जवळून पाही, आणि पुढे काय होणार याचा अंदाज करी. अंदाज चुकला की नातवाकडून मागचे चित्र पुन्हा काढवून घेई आणि आपणास काय दिसले नव्हते ते शोधी. हे त्याने मला सांगितले तेव्हा मी हातातले काम थांबविले. अक्षरओळख नसलेली एक वृद्ध स्त्री मागे जाऊन पुरावा तपासते, पुढच्या प्रसंगाचे भाकीत करते आणि चूक दुरुस्त करते. वाचन म्हणून आपण ज्या व्यापारास गौरवितो, त्यातील कोणता घटक येथे उणा आहे?

त्यानंतर मी ती पेटी कादंबऱ्यांइतक्याच गांभीर्याने वाचावयास घेतली. टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये सुरू केलेली इंद्रजाल कॉमिक्स १९९० पर्यंत चालली. ली फॉक या अमेरिकन लेखकाचे वेताळ आणि मँड्रेक हे दोन मानसपुत्र त्यांच्यायोगे मराठी घरांत पोहोचले. वेताळाच्या कथांतील एक दोष प्रौढ वाचकास स्पष्ट दिसतो, तो असा की आफ्रिकेतील अरण्यवासी सदैव भाबडे आणि त्यांचे रक्षण करणारा गोरा पुरुष सदैव सर्वज्ञ; हा साम्राज्यकाळाचा अवशेष आहे आणि मुलांशी त्याविषयी बोलले पाहिजे. पण कथा पुढे नेण्याची त्यांची हातोटी मला विलक्षण वाटली. एका चौकटीत दार उघडते, दुसऱ्या चौकटीत दिवा जमिनीवर पडलेला असतो. मधे जे घडले ते कोठेही काढलेले नसते, ते दोन चौकटींच्या मधल्या अरुंद पांढऱ्या पट्टीत वाचकाने स्वत: घडवावयाचे असते. कादंबरीकार दोन प्रकरणांच्या दरम्यान जे मौन ठेवतो, त्याच जातीचे हे मौन आहे. फरक एवढाच की चित्रकथेत ते प्रत्येक पानावर अनेकदा येते, आणि दहा वर्षांचे मूल ते प्रत्येक वेळी भरून काढते. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये निर्माण केलेल्या बहादूरच्या कथांत तर हे कौशल्य आपल्या मातीतील दरोडेखोर, चौक्या आणि खेडी यांच्याशी जोडलेले आहे, आणि म्हणून त्या मला अधिक टिकाऊ वाटल्या.

इंद्रजालच्या आरंभकाळी टाइम्समध्येच काम करणाऱ्या अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा सुरू केली. रामाची आई कोण हे दूरदर्शनवरील प्रश्नमंजूषेतील तरुणांना सांगता आले नाही, याची त्यांना लागलेली रुखरुख सर्वश्रुत आहे. या मालिकेत राम वाईरकर यांनी चितारलेला ‘कृष्ण’ आणि पुण्याचे प्रताप मुळीक यांनी रेखाटलेल्या ऐतिहासिक कथा पाहताना रेषेवरील त्यांची हुकमत वारंवार थांबवून ठेवते. दोष येथेही आहेत: वीर बहुधा गोरे व रुंद खांद्यांचे, असुर बहुधा काळे व बेढब, आणि चित्राने सांगितलेलेच वर मजकुरात पुन्हा सांगण्याची खोड. मुलांच्या हाती ही पुस्तके देणाऱ्याने हा भेद ओळखला पाहिजे. याच्या उलट, सुटीत गावी आलेल्या एका विद्यार्थ्याने मला वाचावयास दिलेले ‘भीमायन’ पाहून मी थक्क झालो. बाबासाहेबांच्या आयुष्यातील पाणी आणि निवारा नाकारल्याचे प्रसंग दुर्गाबाई व्याम व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी त्यात चितारले आहेत, आणि चौकटीत माणसे कोंडणे नको म्हणून त्यांनी चौकटीच वापरलेल्या नाहीत. त्यांच्या पानांवर प्रसंगांना वेगळे करतात त्या गोंड घरांच्या भिंतीवर काढतात त्या दिगणा नक्षीसारख्या वळणदार पट्ट्या. ‘राघववेळ’ आणि ‘भीमायन’ एकाच आठवड्यात वाचावयास मिळणे ही मी त्या महिन्याची सर्वांत मोठी प्राप्ती समजतो, कारण एकाच अन्यायाचे निवेदन शब्दाने कसे करावे व रेषेने कसे करावे, हे ती दोन पुस्तके शेजारी ठेवल्यावर मला उमगले.

चित्रकथा हा परदेशी पोरखेळ आहे, असे मंडळातील एका सदस्यांनी मला सांगितले होते. आधुनिक चित्रकथेचा जनक म्हणून जिनिव्हाच्या रोडोल्फ टॉपफर या शाळामास्तराचे नाव घेतात आणि त्याची चित्रपुस्तके पाहून वृद्ध जर्मन कवी गटेने त्याची प्रशंसा केली होती, हे खरे. परंतु वाशीमच्या माणसाने तरी चित्रांतून कथा सांगण्याच्या कलेस परकी म्हणू नये. वाशीम म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म. याच शाखेचा हरिषेण राजा असताना त्याचा सचिव वराहदेव याने अजिंठ्याचे सोळावे लेणे करविले, आणि त्याच राजवटीतील सतराव्या लेण्याच्या भिंतीवर विश्वंतर जातक चितारलेले आहे. दान देता देता राज्याचा पांढरा हत्ती, मुले आणि पत्नीही देऊन टाकणाऱ्या त्या राजपुत्राची आकृती त्या एकाच भिंतीवर पुन:पुन्हा येते. खांब, दारे आणि झाडे यांनी एक प्रसंग दुसऱ्यापासून वेगळा केलेला आहे, आणि पाहणाऱ्याने चालत जाऊन क्रम लावावयाचा आहे. हे चित्रांतील कथानिवेदन नव्हे, तर दुसरे काय आहे?

याच वत्सगुल्माच्या शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वत: कवी होता. पारिजातहरणावर त्याने प्राकृतात रचलेले ‘हरिविजय’ आनंदवर्धनाने वाखाणले, भोजाने त्यातील गाथा उद्धृत केल्या, आणि आज ते काव्य समग्र उपलब्ध नाही. इतरांनी उद्धृत केलेल्या गाथांपुरतेच ते उरले आहे. सर्वसेनाचा पुत्र दुसरा विंध्यशक्ती याचा वत्सगुल्माहून दिलेल्या दानाचा ताम्रपट मात्र वाशीम येथे सापडला, तो अखंड वाचता येतो. पुत्राची जमीनदानाची नोंद टिकली आणि पित्याचे काव्य गेले. माझ्यासारख्या नोंदवहीवर पोट भरणाऱ्या माणसाने या घटनेचा फार विचार करावा, असे मला वाटते. याच जिल्ह्यातील कारंज्याच्या जैन मंदिरांनी याउलट काय केले पाहा. तेथील भांडारांत हस्तलिखिते पिढ्यानुपिढ्या बासनांत बांधून जतन केली गेली, आणि अमरावतीच्या महाविद्यालयात अध्यापन करणारे डॉ. हिरालाल जैन यांनी १९३० च्या दशकात कारंज्याच्या जैन ग्रंथमालांतून ‘णायकुमारचरिउ’ व ‘करकंडचरिउ’ ही अपभ्रंश कथाकाव्ये संपादून प्रसिद्ध केली. राजपुत्र, हरवलेली नाती, विद्याधर, पूर्वजन्म आणि साहसे यांनी भरलेली ही चरिते त्या काळच्या श्रोत्यांची कादंबरीच होती. कोणीतरी प्रत्येक पोथीस बासन दिले, बासनावर चिठ्ठी लावली आणि ती मोजदादीत धरली, म्हणून ती उरली.

वैशाख सरता सरता झालेल्या मंडळाच्या सभेत मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की कादंबरी विभागातून केवळ ज्यांची पाने मोठ्या संख्येने गेली आहेत व ज्यांची दुसरी प्रत उपलब्ध आहे, तेवढीच पुस्तके काढावी, अर्नाळकर ठेवावे. दुसरी अशी की पेटीतील सर्व चित्रकथांना दाखल क्रमांक द्यावे आणि मालिकेप्रमाणे त्यांचे खंड बांधावे. पहिलीस हरकत आली नाही. दुसरीवर वाद झाला. चित्रांमुळे मूल आळशी होते, असे एका निवृत्त मुख्याध्यापकांचे म्हणणे होते, आणि ते मनापासूनचे होते. त्यांनी आयुष्यभर मुले शिकविली होती. मी त्यांस सभेनंतर बालविभागात येऊन एक दुपार बसण्याची विनंती केली. ते आले, बंजारा मुलास त्यांनी ‘चांदोबा’तील विक्रम-वेताळाची एक गोष्ट विचारली, त्याने ती शेवटच्या कोड्यासह सांगितली आणि राजाच्या उत्तरावर आपला आक्षेपही नोंदविला, गुरुजींनी त्या आक्षेपाचे उत्तर देण्यास बराच वेळ घेतला. पुढील सभेत ठराव मंजूर झाला.

बांधणीच्या कामी मला अनपेक्षित अडचण आली, तिचा तपशील अन्य ग्रंथपालांच्या उपयोगी पडेल म्हणून देतो. बाइंडर नेहमीच्या पद्धतीने पाठीकडून भोके पाडून दोरा ओवतो. कादंबरीस आतील कोरा समास असतो म्हणून ते चालते, पण चित्रकथेत चौकटी आतील कडेपर्यंत गेलेल्या असतात आणि त्या शिवणीत गडप होतात. तेव्हा प्रत्येक अंकाच्या गंजलेल्या पिना काढून मधल्या घडीतूनच शिवून घ्यावे, खळीत मोरचूद घालण्यास सांगावे म्हणजे कसर लागत नाही, आणि मुखपृष्ठे कदापि काढू देऊ नयेत. मूल खंडातील अंक मुखपृष्ठावरूनच ओळखते. वर्गांकाचाही प्रश्न होता. ड्युई पद्धतीप्रमाणे मराठी कादंबरी ८९१.४६३ या अंकाखाली जाते आणि चित्रकथा ७४१.५ खाली, म्हणजे कलाविभागात, रेखाटनाच्या शेजारी. पद्धतीचा मान राखून मी अंक तोच दिला. कपाट मात्र कादंबरीच्या लगतचे निवडले.

आता नोंदीचे काम चालू आहे, आणि ते ‘लेखक’ या रकान्यापाशी अडते. ‘कृष्ण’पुढे मी अनंत पै यांच्यासह राम वाईरकर यांचेही नाव लिहिले, कारण चित्रकथेचा कर्ता चित्रकारही आहे. परंतु आमच्या प्रतींपैकी अनेकांवर चित्रकाराचे नाव मला सापडत नाही, आणि वेताळास मराठी बोलावयास लावणाऱ्या अनुवादकांची नावे तर बहुतेक ठिकाणी शोधूनही मिळाली नाहीत. त्यांच्या वाक्यरचनेवर वऱ्हाडातील मुलांच्या दोन पिढ्या मराठी वाचावयास शिकल्या. ज्या वाचकांच्या माळ्यावर मराठी इंद्रजाल अथवा अमर चित्रकथेचे जुने अंक असतील, त्यांनी मुखपृष्ठाची आतील बाजू आणि शेवटच्या पानाची तळओळ पाहावी, आणि एखादे नाव आढळल्यास आपल्या जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या ग्रंथपालास अंकाच्या क्रमांकासह लेखी कळवावे. नोंदवहीतील ते रकाने मी तूर्त कोरे ठेवले आहेत.